ऊन लागून बरं होणाऱ्या माणसाची अंघोळ

नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात ज्याला 'ऊन लागलं' किंवा 'लू लागली' म्हणतात, त्याचा सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जातं आणि माणूस बरळतो, त्याला झटके येतात किंवा शुद्ध हरपते. त्या घडीला पाण्याचा नियम एकच: गार पाणी, भरपूर आणि ताबडतोब. सावलीत न्या, जाडेभरडे कपडे उतरवा, अंगावर पाणी ओतत राहा, पंखा लावा, मानेला, काखेत आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा, आणि हे चालू असतानाच दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. 'उन्हातून आलेल्याच्या अंगावर एकदम पाणी घालू नये' ही घरोघरची ताकीद तेव्हा धरून बसलात तर माणूस हातचा जातो.

तोच माणूस चार-सहा दिवसांनी दवाखान्यातून घरी येतो आणि घरची मंडळी पुन्हा तेच करायला घेतात. बादलीत फ्रिजच्या बाटल्या रिकाम्या करतात, दिवसातून चार वेळा डोक्यावर पाणी घालतात. नाहीतर अगदी उलट: अशक्तपणा आलाय म्हणून कढत पाणी आणि तेलमालिश. दोन्ही चूक. बरं होतानाची अंघोळ हा उपचार नव्हे. ती स्वच्छतेसाठी असते, आणि त्याहून जास्त माणसाचं अंग रोज एकदा नीट डोळ्यांखालून घालण्यासाठी. म्हणून आता साधं पाणी, तेही थोडं, बसून, आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी.

आधी शरीराची अवस्था समजून घ्या

उष्माघातानंतर ताप उतरला म्हणजे सगळं जागेवर आलं असं नसतं. शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा काही आठवडे, कधी काही महिने कच्ची राहते. थोड्या उकाड्यानेही अंग तापतं आणि थोड्या गारव्यानेही हुडहुडी भरते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या वेळेवर आकसत नाहीत, वेळेवर सैलही होत नाहीत. त्यामुळे गरम पाणी अंगावर पडलं की रक्त कातडीकडे धावतं, रक्तदाब उतरतो आणि माणूस न्हाणीतच घेरी येऊन पडतो. बर्फाचं पाणी घातलं तर रक्तवाहिन्या एकदम मिटतात, माणूस कापायला लागतो, आणि कापणं म्हणजे स्नायूंनी उष्णता तयार करणंच की.

दुसरी गोष्ट लहान मेंदूची. तोल सांभाळणाऱ्या या भागाला उष्णता फार बाधते. काही जणांचं बोलणं जड येतं, पावलं वेडीवाकडी पडतात, शर्टाचं बटण लावताना बोटं चुकतात. पलंगावर बसून गप्पा मारणारा माणूस ठणठणीत वाटतो, ओल्या फरशीवर उभा केला की खरं कळतं.

तिसरी गोष्ट स्नायू, मूत्रपिंड आणि यकृताची. अति तापमानात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं द्रव्य लघवीवाटे बाहेर पडताना मूत्रपिंडं अडखळतात. यकृतावरचा ताण तर रक्ताच्या तपासणीत बऱ्याचदा दोन-तीन दिवस उशिराच दिसतो. रक्त गोठण्याचं गणितही काही काळ बिघडू शकतं. मालिश, दाढी, दात घासणं या साध्या गोष्टींबद्दल पुढे जे सांगितलंय त्याचं मूळ इथे आहे.

पाणी कुठून आणि किती कोमट

विदर्भातल्या मे महिन्यात दुपारच्या नळाला भरवसा नाही. गच्चीवरची टाकी, त्यातही काळी असेल तर, आणि पश्चिमेच्या भिंतीवरून आलेला पाइप दुपारी दोन-तीननंतर हात पोळेल असं पाणी देतात. गिझर बंद आहे म्हणून पाणी साधंच असणार, या समजुतीत भाजलेली माणसं असतात. संध्याकाळी सातला बाहेर बरं वाटतं, पण टाकीतलं पाणी तापलेलंच असतं.

सोपी युक्ती अशी. टाकीतलं पाणी सर्वांत गार असतं ते पहाटे. त्याच वेळी दोन बादल्या भरून, झाकण ठेवून, घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. सकाळची आणि संध्याकाळची अंघोळ त्यातूनच. नळ वापरायचाच असेल तर पाइपात साठलेलं पहिलं पाणी दुसऱ्या बादलीत काढा, कपड्यांना होईल.

पाणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसचं असावं. बाळाच्या अंघोळीसाठी पाण्यात सोडायचा थर्मामीटर औषधांच्या दुकानात मिळतो, तो असेल तर उत्तम. नसेल तर हाताचा तळवा बुडवून अंदाज घेऊ नका. स्वयंपाक करणाऱ्या हाताला कढत पाणीही कोमट लागतं. कोपराची आतली बाजू बुडवा. तिथे ना गरम ना गार, 'काहीच नाही' असं वाटलं की पाणी बरोबर. जास्त तापलेलं असेल तर माठातलं पाणी थोडं थोडं मिसळून आणा. बर्फ नको.

बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाला फेस येत नाही, पांढरट थर कातडीवर राहतो आणि आधीच कोरड्या पडलेल्या अंगाला खाज सुटते. नगरपालिकेचं पाणी येत असेल तर निदान शेवटचे दोन तांबे त्याचे घ्या.

घरी आल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस: अंग पुसणं

जो आधाराशिवाय पाच मिनिटं बसू शकत नाही, ज्याला बसवल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याची अंघोळ पलंगावरच. सामान हाताशी जमवा, मध्येच उठून जाण्याची वेळ येऊ नये: दोन पसरट भांडी किंवा घमेली, प्रत्येकात दोन लिटर पाणी, चार मऊ सुती फडकी (जुन्या धोतराची किंवा पंचाची सर्वांत चांगली), एक सुती चादर, पलंगावर अंथरायला प्लॅस्टिक आणि त्यावर जुना टॉवेल, साधा, कमी वासाचा साबण, बदलायचे कपडे.

सुरू करण्याआधी ताप बघा. अंग पुसून झाल्या झाल्या काखेत थर्मामीटर लावला तर ओल्या कातडीमुळे आकडा कमी येतो, आणि ताप असूनही तो नाही असं वाटतं. म्हणून मोजमाप आधी, किंवा मग अर्ध्या तासाने. १०१ फॅरनहाइटच्या वर असेल तर डॉक्टरांना कळवा. स्वतःच्या मनाने पॅरासिटामॉल देऊ नका. उन्हाने चढलेलं तापमान त्या गोळीने उतरत नाही, आणि यकृत आधीच थकलेलं असतं.

पंखा चालू, पण झोत थेट अंगावर नाही. चादर अंगावर घालून तिच्याखालून कपडे काढा आणि एका वेळी एकच भाग उघडा. यामागे लाज राखणं आहेच, पण सगळं ओलं अंग एकाच वेळी वाऱ्याला लागून हुडहुडी भरू नये हेही आहे. सासऱ्यांना सून पुसत असेल, आईला मुलगा, तर कमरेला पंचा तसाच राहू द्या. तेवढा भाग शक्य असेल तर त्यांच्याच हातात ओलं फडकं देऊन त्यांनाच पुसायला सांगा. माणूस संकोचला की अंग आखडून घेतो, घाई करतो, आणि मग पुसणं नीट होत नाही.

क्रम असा ठेवा. पहिलं फडकं चेहऱ्यासाठी, साबण नाही. डोळे आतल्या कोपऱ्यापासून बाहेर, प्रत्येक डोळ्याला फडक्याची नवी बाजू. मग कानामागची जागा आणि मान. दुसऱ्या फडक्याने हात, काखा, छाती, पोट. काखेत आणि स्त्रियांच्या स्तनांखाली साबणाचा हात एकदा फिरवायचा, बाकी नुसतं पाणी. फडकं पिळून घ्या, पण अगदी कोरडं नको. कातडीवर पाण्याचा पातळ थर राहिला पाहिजे. तिसऱ्याने पाय, बोटांच्या बेचक्यांसकट. नंतर कुशीवर वळवून पाठ. इथे थांबा आणि नीट बघा: माकडहाड, कुल्ल्यांची हाडं, टाचा, खांद्यांचे उंचवटे. दवाखान्यात दिवसेंदिवस पाठीवर झोपलेल्याला इथे लाल डाग पडतात. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली फिकी होत नसेल, तर ती झोपून होणाऱ्या जखमेची सुरुवात. ती जागा चोळू नका, तिथे भार येऊ देऊ नका, दर दोन तासांनी कूस बदला आणि डॉक्टरांना दाखवा.

जांघ आणि गुप्तांग सर्वांत शेवटी, दुसऱ्या भांड्यातल्या पाण्याने आणि चौथ्या फडक्याने. बायकांना पुढून मागे पुसायचं, उलट नाही. घड्या पडणाऱ्या जागा टिपून कोरड्या करा. हातपाय थोडे ओलसर राहिले तरी चालतात, ते हवेने वाळताना अंगाला गारवा देतात.

हे सगळं वीस मिनिटांत व्हावं. मध्येच कापरं भरलं तर तिथेच थांबा, चादर ओढा, उरलेलं संध्याकाळी.

सलाईनची सुई काढलेली जागा पहिला दिवसभर कोरडी ठेवा. तिथली शीर दोरीसारखी कडक लागली, लाल झाली, दुखू लागली तर दाखवावी. लघवीची नळी घातलेलीच घरी पाठवलं असेल, तर नळीच्या तोंडाशी रोज साबण-पाण्याने धुवा. पिशवी कायम कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. पुसताना ती पलंगावर ठेवली की पिशवीतली लघवी उलटी फिरते, आणि जंतूही तिच्यासोबत.

न्हाणीत बसवून अंघोळ

कधी न्यायचं? दिवस मोजण्यापेक्षा तीन गोष्टी बघा. पलंगावर पाय खाली सोडून पाच मिनिटं बसता येतंय का. पावलं जुळवून, तुम्ही खांद्याशी हात धरलेला असताना, दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहता येतंय का. आणि दहा पावलं चालताना भिंत धरावी लागते का. तिन्ही जमलं तर न्या. बऱ्याच जणांना हे घरी आल्यावर तीन-चार दिवसांत जमतं, वयस्कांना आठवडाही लागतो.

वेळ सकाळी आठच्या आत. संध्याकाळी हवी असेल तर उन्हं पूर्ण उतरल्यावर, आणि पहाटे भरून ठेवलेल्या पाण्याने. गावाकडे अंगणातल्या पत्र्याच्या न्हाणीत सकाळी दहानंतर जाऊच नये. पत्रा तापला की आत भट्टी होते. शहरातल्या बंद बाथरूममध्ये गिझरचं गरम पाणी आधी कुणी वापरलं असेल तर वाफ जाईपर्यंत थांबा.

जाण्याआधी पाव तास एक पेला ओआरएस किंवा मीठ-साखर-पाणी द्या. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण अंदाजाने घेऊ नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मात्र डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच पाणी घ्यावं. उपाशीपोटी नेऊ नका. भरपेट जेवणानंतर तासभर थांबा.

बसायला हाताची प्लॅस्टिकची खुर्ची बरी, पण एक खबरदारी घ्या. गुळगुळीत फरशीवर, त्यात साबणाचं पाणी असेल तर, तिचे मागचे पाय फाकतात आणि माणूस खुर्चीसकट मागे जातो. खाली रबरी जाळीचं पायपुसणं अंथरा आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. पाट किंवा चौरंग नको. इतक्या खालून उठताना मांड्यांवर जोर येतो, आणि मांड्यांचेच स्नायू सर्वांत जास्त दुखावलेले असतात. शिवाय बैठक सोडून झटकन उठलं की रक्तदाब उतरतो.

कडी लावायची नाही. हे सांगून पटत नाही, म्हणून कडीवर फडकं गुंडाळून ठेवावं आणि बाहेर दाराला टॉवेल अडकवावा. टॉवेल दिसला की आत कुणीतरी आहे हे घराला कळतं.

पाणी १२ लिटर पुरे, म्हणजे मोठी बादली पाऊण. ओतायचं ते पायांपासून. पहिले दोन मग पावलांवर आणि पोटऱ्यांवर, मग मांड्या, हात, पाठ, छाती. डोक्यावर किंवा छातीवर एकदम पाणी पडलं की माणूस दचकून श्वास ओढतो, छातीची धडधड वाढते. खालून वर आलं की अंगाला सवय होते. प्रत्येक वेळी आधी सांगा: "बाबा, आता पाठीवर घालतेय," "डावा हात वर करा." सांगितलेलं उमगायला वेळ लागतोय का, डावं-उजवं चुकतंय का, उत्तर जडपणे येतंय का, हे त्यातच कळतं. काल नीट उत्तर देणारा आज गोंधळत असेल तर अंघोळ सोडा आणि दवाखाना गाठा.

साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच. घासणी, वजरी, काथ्या काही नको. पाण्यात जंतुनाशकाची झाकणं ओतायची सवय असते, तीही नको. घामोळ्या फुटलेल्या अंगाला ते झोंबतं आणि कातडी आणखी कोरडी पडते. पाच ते सात मिनिटांत संपवा. शॉवर असेल तरी उभ्याने अंघोळ नको, निदान दोन आठवडे.

अंघोळ झाली की लगेच उठवू नका. खुर्चीतच टॉवेलने टिपा, दोन मिनिटं बसू द्या, मग उठून एक जागी उभं, मग पाऊल.

घेरी आलीच तर पडणाऱ्याला ओढून उभं करायची धडपड करू नका. तिथेच फरशीवर आडवं करा, पाय बादलीवर किंवा खुर्चीवर उंच ठेवा. शुद्ध पूर्ण येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. मिनिटभरात सावरला नाही, बरळू लागला, झटका आला किंवा अंग पुन्हा तापलेलं लागलं, तर १०८.

कातडी

घामोळ्या बहुतेकांना येतात. पाठ, मान, साडीच्या नाडीची जागा, पँटचा पट्टा. घामाची तोंडं बुजल्यामुळे त्या येतात, म्हणून त्यावर जाड पावडर थापणं म्हणजे बुजलेली तोंडं आणखी लिंपणं. ओल्या अंगावर पावडरचा चिखल होतो, तो घड्यांत साठून कातडी सोलवटते. द्यायचीच तर पूर्ण कोरड्या अंगावर, हातावर घेऊन, एक पातळ हात. लहान मुलांच्या तोंडाजवळ डबा झटकू नये. थंडगार लागणाऱ्या पावडरींतला मेंथॉल नुसता गारव्याचा भास करून देतो, तापमान उतरवत नाही. बरं होणाऱ्या माणसाला 'मला आता उकडतंय' हे वेळेवर कळणं गरजेचं असतं, आणि नेमकं तेच या पावडरी दाबून टाकतात. खाजेला कॅलामाइन लोशन बरं.

तेलमालिश नाही. तेलाच्या थराखाली घाम वाळत नाही हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: मांड्या-पोटऱ्या ठणकतात म्हणून त्या रगडल्या जातात, आणि फुटलेले स्नायू त्याने आणखी फुटतात. कोरड्या पडलेल्या हातापायांना रात्री थोडं खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर, चोळायचं नाही, नुसतं लावायचं.

स्पिरिट किंवा कोलनच्या पाण्याने अंग पुसण्याची जुनी रीत सोडून द्या. वाफ नाकात जाते, काही भाग कातडीतून शोषला जातो, आणि शेजारी देवघरात दिवा असतो.

अंग बघताना आणखी तीन खुणा शोधा. रस्त्यावर किंवा शेतात पडून राहिलेल्याला तापलेल्या डांबराचे, दगडाचे चटके बसलेले असतात. ते कुल्ल्यावर, खांद्यामागे असले तर घाईगर्दीत राहून जातात. फोड फोडू नका, त्यावर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. पाण्याने धुऊन स्वच्छ कोरड्या कापडाने झाका आणि दाखवा. दुसरं, बर्फ थेट कातडीवर ठेवला गेला असेल तर मानेला किंवा जांघेत काळपट-लाल चट्टा दिसतो. तोही भाजल्यासारखाच सांभाळायचा. तिसरी खूण सर्वांत गंभीर: मार लागलेला नसताना निळे-जांभळे डाग किंवा टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रक्त गोठण्यात गडबड असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर.

तोंड, दाढी, केस

मऊ ब्रश, हलका हात, दोन वेळा. मिश्री किंवा राखुंडी बोटाने रगडायची सवय असलेल्यांनी ती आठवडाभर बाजूला ठेवावी. हिरड्यांतून रक्त थांबत नसेल तर वरची ठिपक्यांची सूचना इथेही लागू. गुंगीत असलेल्याला आडवं ठेवून चूळ भरायला लावू नका; ओल्या फडक्याने दात आणि जीभ पुसा. फुटलेल्या ओठांना तूप किंवा व्हॅसलीन.

दाढीला पहिला आठवडा ट्रिमर. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट ठीक आहे म्हटल्यावर मग ब्लेड.

केस धुवायची घाई करू नका, पण फार लांबवूही नका. घामाने चिकटलेलं डोकं खाजून खाजून जखमी होतं. बसून अंघोळ जमू लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सकाळी, मान मागे टाकून नव्हे तर थोडी पुढे झुकवून, दोन मगांत. मेंदी थंड असते म्हणून लगेच लावायला निघतात. डोक्यावर ओला लगदा घेऊन तीन-तीन तास बसणं या दिवसांत झेपत नाही. दोन आठवड्यांनी लावा.

लघवीचा रंग

न्हाणीतच हेही बघायचं. भारतीय शौचालयात रंग कळत नाही, म्हणून पांढरा प्लॅस्टिकचा मग त्यासाठी वेगळा ठेवा. फिकट पिवळी ठीक. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. कोऱ्या चहासारखी किंवा कोल्ड्रिंकसारखी तपकिरी दिसली, किंवा सहा-आठ तासांत झालीच नाही, तर पाणी पाजत बसू नका, दवाखान्यात न्या. फुटलेल्या स्नायूंचं द्रव्य मूत्रपिंडात अडकत असल्याची ती खूण आहे. जमलं तर रोज सकाळी, लघवीनंतर आणि काही खाण्यापिण्याआधी, वजन करा. एका दिवसात एक किलो उतरलं तर ती चरबी नव्हे, साधारण लिटरभर पाणी आहे.

कपडे आणि कूलर

सुती, सैल, फिक्या रंगाचे, दिवसातून दोनदा बदललेले. परकराची नाडी आणि इलॅस्टिक दोन्ही सैल. त्याच रेषेवर आधी घामोळं, मग गजकर्ण. पाळीच्या दिवसांत पॅड चार ते सहा तासांनी बदला, भरलेलं नसलं तरी.

आता कूलर. विदर्भात अंघोळीनंतर ओल्या अंगाने, अनवाणी, थेट कूलरपुढे जाऊन उभं राहायची सवय घराघरात आहे. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाणी, पंपाची जुनी वायर, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि समोर ओला माणूस. दर उन्हाळ्यात यातून शॉक लागून माणसं जातात. अंग कोरडं, पायांत रबरी चप्पल, आणि कूलरला हात लावायचा तो प्लग काढूनच. पाणी भरतानाही तेच. बरं होणाऱ्याची खाट झोतापासून दोनेक मीटर दूर आणि थोडी तिरकी ठेवा. समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर तासाभरात हवा इतकी दमट करतो की घाम वाळतच नाही.

नुसत्या पंख्यालाही मर्यादा आहे. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर तो गरम हवाच मारतो. तेव्हा हातपाय, मान ओल्या फडक्याने पुसून मग पंखा. कोकणात, मुंबईत, गोव्यात गणित वेगळं: तिथे पारा कमी असतो पण दमटपणामुळे घाम अंगावरच राहतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर उष्माघाताने माणसं दगावली तेव्हाही पारा विदर्भातल्या मे महिन्याइतका नव्हता. अशा हवेत कूलर काही कामाचा नाही. पंखा, उघड्या खिडक्या, आणि अंघोळीनंतर अंग नीट टिपून कोरडं करणं हेच.

कैरी, कांदा आणि उटणं

उकडलेल्या कैरीचा गर अंगाला चोळणं, तळपायांना कांद्याचा रस लावणं, हे घरात कुणीतरी सुचवणारच. धड कातडीवर कैरीचा गर लावून दहा मिनिटांनी धुतला तर बिघडत नाही, ओलाव्याने बरंही वाटतं. पण आंबट रस घामोळ्यांवर, चटक्यांवर, दाढीच्या कापावर आग आग करतो. कांद्याने वास येतो, याहून जास्त काही होत नाही. तेवढ्यासाठी आजीशी भांडायची गरज नाही, फक्त डॉक्टरांकडे जाणं त्यापायी लांबू नये. मुलतानी माती वाळली की कातडी ओढते, उटण्याचा रवा घासतो; दोन्ही दिवाळीपर्यंत थांबू शकतात. पन्हं मात्र पोटात जाऊ द्या, साखर बेताची आणि मीठ चिमूटभर, मधुमेह्यांनी साखरेशिवाय.

पुन्हा पोहणं, पुन्हा काम

विहिरीत, नदीत, तलावात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. गार पाण्यात स्नायू आखडतात आणि तोल गेलेला काठावरच्यांना कळत नाही. व्यायाम, जड उचल, शेतातलं काम दवाखान्यातून सुटी मिळाल्यापासून निदान सात दिवस बंद; मग डॉक्टरांनी तपासून रक्ताचे आकडे जागेवर आलेत म्हटलं की पहाटेच्या गारव्यात पंधरा मिनिटांपासून सुरुवात. गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो आणि मजुरी बुडते, त्यामुळे लोक चौथ्याच दिवशी जंगलात जातात. जाणं टाळता येत नसेल तर निदान पुडे बांधायचं सावलीतलं काम घरच्यांनी त्याच्याकडे द्यावं. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील तर फेरतपासणीला त्या पाकिटांसकट न्या. यातल्या काहींनी घाम कमी येतो, काहींनी पाणी उतरतं, आणि कोणती कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील.

फेरतपासणीला सकाळची पहिली वेळ मागून घ्या. निघण्याआधी अंघोळ उरकलेली असावी, डोक्यावर ओला दुपट्टा, पिशवीत एक लिटर पाणी, ओआरएसचं पाकीट आणि कोरडा सदरा. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका; तोल अजून पूर्ण आलेला नसतो.